‘पाहिलं’ आणि ‘ऐकलं’

नमस्कार श्रोतेहो.

‘नेहमी खरे बोलावे’ हा सुविचार प्राथमिक शाळेच्या व्हरांड्यात रंगवलेला असतोच. पण खरं शोधायचं कसं, ते त्या भिंतीवर नसतं. ते शिकवायला आपलं ठाणं फार चांगलं आहे. चौथीच्या वर्गाची परिसरभेट कशी आखायची, ते आज पाहू या.

ठिकाणं दोनच घ्या: कोपिनेश्वर मंदिरासह मासुंदा तलाव आणि जुन्या किल्ल्यातल्या कारागृहाचा तट. सगळं एका सकाळी उरकायला गेलं की मुलं नुसती फलकावरचा मजकूर उतरवून घेतात. सकाळी लवकर निघा. जांभळी नाक्याचा बाजार भरला की रांग टिकत नाही. पाच मुलांमागे एक मोठं माणूस हवंच.

वहीचं पान मधोमध उभं दुमडायचं. डावीकडे ‘पाहिलं’, उजवीकडे ‘ऐकलं’. तटाचे काळे दगड डावीकडे. हा किल्ला पोर्तुगिजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेला, हे उजवीकडे, आणि कोणी सांगितलं तेही शेजारी. इथेच १९ एप्रिल १९१० रोजी क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिली गेली. हे सांगताना घाई नको, मुलांना गप्प उभं राहू द्या. तुरुंग असल्यामुळे फोटो काढू नका. चित्र वर्गात आल्यावर काढता येतं.

वर्गात आल्यावर पहिल्या रेल्वेचा विषय काढा. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, यावर सगळ्यांचं एकमत. पण वेळ किती लागला? कुठे ५७ मिनिटं सापडतात, कुठे सव्वा तास. मुलं लगेच विचारतात, “बाई, परीक्षेत काय लिहायचं?” दोन्ही लिहू द्या, कुठे वाचलं त्यासकट. खरेपणाचा याहून चांगला धडा आम्हाला माहीत नाही.

मग घरच्या मोठ्यांची मुलाखत. इथे हमखास चुकतं ते ‘कोणत्या साली?’ या प्रश्नाने. आजीला साल आठवत नाही, प्रसंग आठवतो. म्हणून विचारायचं: बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर? तुमचं लग्न झालं होतं का? घणसोली, कोपरखैरणेच्या मुलांनी विचारावं की १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको आली, त्याआधी आपली भातशेती कुठे होती, मिठागर कुठे होतं, होडी कुठे लागायची. आगरी-कोळी घरांत ही माहिती अजून तोंडपाठ आहे आणि ती ज्यांना आहे ती माणसं आता थकली आहेत. प्रश्न पाचच ठेवा. आजी बोलते तसंच लिहा; तिची आगरी बोली ‘शुद्ध’ करू नका.

लिहून झालं की आजीला वाचून दाखवायचं. ती म्हणेल, “नाय गो बाय, तसा नव्हता.” तेव्हा खोडरबर वापरायचा नाही. चुकलेल्या ओळीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी, आणि नवीन ओळ तिच्याखाली लिहायची.