गोठा आधीचा, घरं नंतरची

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

बेळगावच्या कडेची शिवारं कशी आटत चाललीत, हे वडगाव, अनगोळ, येळ्ळूर, मच्छे भागातल्या लोकांना मी सांगायला नको. भाताच्या रानाला लागून ले-आउट पडतो, बघता बघता बंगले उभे राहतात आणि मग तक्रारी सुरू होतात. शेणाचा वास येतो, माश्या होतात, पहाटे म्हशी रेकतात, मळणीचं मशीन रात्री चालतं.

यावर आपलं उत्तर ठरलेलं असतं. आमचा गोठा आधीचा, यांची घरं नंतरची. बोलणं खरं आहे, पण कोर्टात तेवढ्यावर भागत नाही. अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत जुन्या शेतीला अशा दाव्यांपासून संरक्षण देणारे कायदे आहेत. फ्रान्समध्ये पहाटे आरवणाऱ्या कोंबड्याविरुद्ध शेजारी कोर्टात गेले. २०१९ मध्ये निकाल कोंबड्याच्या बाजूनं लागला आणि २०२१ मध्ये तिथं खेड्यातले आवाज आणि वास यांना वारसा मानणारा कायदा झाला. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. तो व्हायलाच हवा. निदान बिनशेती प्लॉट विकताना शेजारी गोठा आहे, हे खरेदीपत्रात लिहिणं तरी सक्तीचं करावं.

तोवर आपल्याला आधार आहे तो कायद्यातल्या पद्धतीचा. सार्वजनिक उपद्रवाची, म्हणजे आसपासच्या लोकांना मिळून होणाऱ्या त्रासाची, तक्रार प्रांताधिकाऱ्यांकडे किंवा अधिकार दिलेल्या इतर दंडाधिकाऱ्यांकडे चालते. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३ कलम आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १५२ कलम झालंय. त्याखाली पहिल्यांदा निघतो तो सशर्त आदेश असतो. म्हणजे सांगितलंय तसं करा, नाहीतर हजर राहून तुमची बाजू मांडा. हजर राहिलात तर पुरावा घ्यावाच लागतो, आणि आदेश वाजवी नाही असं दिसलं तर प्रकरण तिथंच संपतं. गैरहजर राहिलात तर मात्र आदेश कायम होतो, शिवाय शिक्षेची पाळी येते. रीतसर निघालेल्या अशा आदेशाला दिवाणी कोर्टात आव्हानही देता येत नाही. नोटीस कन्नडमध्ये आहे, कळत नाही, म्हणून ती फडताळात टाकून ठेवणारी माणसं आपल्यात आहेत. कृपा करून तसं करू नका. जाणकाराकडून त्याच दिवशी वाचून घ्या आणि तारीख लिहून ठेवा.

एकाच घराला होणारा त्रास सार्वजनिक उपद्रवात बसत नाही. त्या घरानं दिवाणी दावा करावा. तिथंही १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याचं ४१ वं कलम आहे. पुढं उपद्रव होईल हे पुरेसं स्पष्ट नसेल, तर नुसत्या भीतीपोटी मनाई हुकूम देता येत नाही. दावा पडणार अशी कुणकुण लागली तर वकिलांना सांगून कॅव्हेट, म्हणजे आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका असा कोर्टात अर्ज, घालून ठेवा. ते ९० दिवस टिकतं, आणि तुम्हाला न ऐकता एकतर्फी मनाई होण्याचा धोका टळतो.

कोर्ट परिसर कसा आहे तेही बघतं. म्हणून कागद जपा. पीक नोंदवलेला उतारा, पंचायतीतली गोठ्याची नोंद, वीजबिलं, जनावरांच्या लसीकरणाचे दाखले. डेअरीची फॅट लिहिलेली ती जुनी चिठ्ठी आपण चुलीत घालतो, पण कुठल्या साली गोठ्यात दुभती जनावरं होती, हे तिच्यावरूनच दाखवता येतं.

आता थोडं कडू बोलतो. उकिरड्याचं पाणी शेजाऱ्याच्या विहिरीत उतरत असेल, तर एकही कागद तुम्हाला वाचवणार नाही. वीस वर्षांची वहिवाट सांगूनही सार्वजनिक उपद्रव माफ होत नाही. शेण रोज उचलावं, खड्डा विहिरीपासून लांब घ्यावा, मळणी शक्यतो रात्री दहाच्या आत उरकावी. शेजाऱ्याच्या लहान मुलालाही स्वच्छ पाणी लागतंच की.

वकिलाच्या फीची काळजी असेल, तर तालुका कोर्टातल्या कायदा सेवा समितीकडे जा. १९८७ च्या कायद्यानं स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जमीन किंवा गोठा घरातल्या बाईच्या नावावर असेल, तर अर्ज तिच्याच सहीनं द्या.