घटस्फोटाचा वकील शोधताना

श्रोतेहो, नमस्कार. घटस्फोटाचा विषय घरात निघाला की वकील शोधण्याचे काम बहुधा मामा, मेहुणे किंवा ओळखीतले एखादे जाणते गृहस्थ अंगावर घेतात आणि ज्या व्यक्तीच्या संसाराचा प्रश्न असतो, ती वकिलांसमोर येते ती थेट सही करायला. मला आज त्या व्यक्तीशी बोलायचे आहे. माझे बोलणे मी १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यापुरते ठेवणार आहे. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी विवाहांचे कायदे, तसेच गोव्याचा नागरी कायदा, यांची वाट वेगळी आहे.

एक गोष्ट आधी नीट ऐकून ठेवा. हिंदू विवाह मोडतो तो न्यायालयाच्या हुकूमनाम्याने. स्टँप पेपरने नाही आणि नोटरीच्या शिक्क्यानेही नाही. पुन्हा सांगते, न्यायालयाच्या हुकूमनाम्याने. काही समाजांत रूढीने चालत आलेली फारकत कायदा मानतो हे खरे, परंतु वेळ आली की ती रूढी पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते.

हे दोनदा का सांगितले, त्यामागे माझ्या वकिलीतले एक प्रकरण आहे, आणि संधी मिळेल तेथे मी ते सांगतेच. पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या एक ताई भावासह माझ्याकडे आल्या. त्यांचे दुसरे लग्न ठरत होते आणि मुलाकडच्यांनी "कोर्टाचा कागद" मागितला होता. ताईंनी पिशवीतून जो कागद काढला, तो स्टँप पेपर होता आणि पावसापाण्यात खराब होऊ नये म्हणून त्यांनी त्याला लॅमिनेशन करून घेतले होते. त्यावर नवराबायकोचे फोटो होते, नोटरीचा गोल शिक्का होता, साक्षीदार म्हणून दोन्ही व्याह्यांच्या सह्या होत्या आणि "आम्ही राजीखुशीने फारकत घेत असून यापुढे आमचा एकमेकांवर कसलाही हक्क राहणार नाही" असे स्वच्छ टंकलेले होते. मी विचारले, "हुकूमनामा कुठे आहे?" ताई म्हणाल्या, "मॅडम, हाच की. वकिलांनीच करून दिलाय, आठ दिवसांत."

ताई कायद्याने अजून विवाहित होत्या. त्याहून अवघड गोष्ट अशी की, त्याच कागदाच्या भरवशावर त्यांचे यजमान दुसऱ्यांदा बोहल्यावर चढले होते. म्हणजे ते दुसरे लग्न रद्दबातल होते आणि द्विभार्या प्रतिबंधाच्या कलमाखाली ते गुन्हेगार ठरू शकत होते. यजमान आपल्या नव्या वकिलांना घेऊन बोलणी करायला आले, तेव्हा त्यांच्या दुसऱ्या पत्नीही आल्या होत्या. सगळे ऐकून घेतल्यावर त्या नवऱ्याला एवढेच म्हणाल्या, "आधी या ताईंना मोकळं करा, मग घरी या." त्या दिवशी आम्हा दोन्ही वकिलांना युक्तिवाद करावाच लागला नाही.

परस्पर संमतीचा अर्ज दाखल झाला. असा अर्ज करण्यापूर्वी पतिपत्नी निदान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागतात आणि अर्जानंतर आणखी सहा महिने थांबावे लागते. परंतु वेगळे राहून पुरेसा काळ लोटला असेल, समेट अशक्य असेल आणि देण्याघेण्याचा निवाडा आधीच झाला असेल, तर हे सहा महिने न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले आहे. येथे तो निरुपयोगी कागद कामाला आला, कारण दोघे कधीपासून वेगळे राहत आहेत हे त्यावरच्या तारखेवरून दिसत होते. अडचण एकच उरली, लॅमिनेशनमुळे तो इतर कागदांबरोबर दोऱ्यात गुंफता येईना आणि शिरस्तेदार माझ्याकडे अशा नजरेने पाहत होते की जणू ते लॅमिनेशन मीच करून आणले आहे. यथावकाश हुकूमनामा मिळाला, ताईंचे लग्न झाले आणि यजमानांनी त्याच पत्नीशी पुन्हा एकदा, या वेळी कायदेशीर, लग्न केले.

मालिकांमध्ये नायकाने टेबलावर कागद फेकावेत, नायिकेने रडत सही करावी आणि पुढच्या भागात दोघे मोकळे व्हावेत, असे लिहिणाऱ्यांनी एक दिवस कौटुंबिक न्यायालयाच्या बाकावर बसून काढावा, असे मला मनापासून वाटते. तेथे समुपदेशकांची भेट असते, तारखा असतात, आणि वकिलांनादेखील न्यायालयाच्या परवानगीनेच उभे राहता येते.

तेव्हा वकील निवडताना पहिला प्रश्न विचारा की, तुम्ही याच न्यायालयात अशी प्रकरणे चालवता का आणि तारखेला स्वतः उभे राहणार की कनिष्ठांना पाठवणार. शुल्क किती आणि कोणत्या टप्प्याला, हे लिहून घ्या. पोटगीच्या रकमेत टक्केवारी मागणे वकिली आचारसंहितेत बसत नाही आणि जाहिरात करणेही बसत नाही. म्हणून न्यायालयाच्या फाटकावर गाठणाऱ्या मध्यस्थाला दुरूनच नमस्कार करावा. आठ दिवसांत घटस्फोट देणाऱ्याला तर नक्कीच. परस्पर संमती असली तरी दोघांचे वकील वेगळे असावेत, हे माझे मत पक्के आहे. पैशांची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. दूरध्वनी क्रमांक १५१००. पुन्हा सांगते, १५१००.

नेहमी विचारले जाणारे काही प्रश्न थोडक्यात घेते. स्त्री अर्जदार असेल तर ती स्वतः राहते तेथील न्यायालयात अर्ज करू शकते. जोडीदाराची संमती नसेल तर क्रूरता, व्यभिचार, दोन वर्षांचा परित्याग अशी कारणे सिद्ध करावी लागतात. खटला चालू असताना अंतरिम पोटगी पत्नीप्रमाणेच पतीलाही मागता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानुसार पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही उत्पन्नाचे आणि मालमत्तेचे शपथपत्र द्यावे लागते, म्हणून पगाराच्या पावत्या, पासबुक आणि प्राप्तिकराची विवरणपत्रे पहिल्याच भेटीला घेऊन जा. मुलांचा ताबा ठरवताना न्यायालय मुलांचे हित पाहते; पाच वर्षांखालील मूल साधारणतः आईकडे राहते.

आणि वकील बदलावासा वाटला तर संकोच करू नका. शुल्क बाकी आहे या कारणासाठी वकिलाला तुमची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच स्पष्ट केले आहे. नमस्कार.