पोलीस ठाण्याचा दरवाजा रस्त्यावरच हवा

आपल्याकडे सरकारी इमारत सुरक्षित करायची म्हटलं की पहिली मागणी उंच कुंपणाची होते. मग काटेरी तारा, बॅरिकेड, वाळूची पोती. फूटपाथ तिथेच संपतो आणि चालणारे रस्त्यावर उतरतात. याचा मला राग येतो, कारण एवढं करूनही इमारत होती तेवढीच कच्ची राहते.

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीचं उदाहरण घ्या. १९ एप्रिल १९९५. तिथल्या ‘आल्फ्रेड पी. मरा फेडरल बिल्डिंग’ या केंद्र सरकारी कचेऱ्यांच्या इमारतीसमोर रस्त्याच्या कडेला स्फोटकांनी भरलेला ट्रक उभा केला होता. १६८ माणसं गेली. त्यांत १९ मुलं होती, बहुतेक त्याच इमारतीतल्या पाळणाघरातली. इमारत नऊ मजली. दर्शनी बाजूला तळाशी कॉलम कमी ठेवले होते. वरचे कॉलम एकाआड एक तिसऱ्या मजल्यावरच्या एका मोठ्या बीमवर टेकवलेले. स्फोटात तळाचे तीन कॉलम गेले, बीम निराधार झाला आणि वरचं सगळं खाली आलं. बहुतेक मृत्यू या कोसळण्यामुळे झाले. भूकंपप्रवण भागात सळया बांधतात तशा तिथे बांधल्या असत्या, तर पडलेला भाग निम्म्याने तरी कमी झाला असता, असं अभियंत्यांच्या तपासात निघालं. लातूरनंतर आपल्या अभियंत्यांना हे वेगळं सांगायला नको.

अंतराचं महत्त्व आहेच. स्फोटाचा दाब अंतराबरोबर झपाट्याने उतरतो. वास्तुरचनाकार कॅरोल रॉस बार्नी यांनी तिथून जवळच नवी फेडरल इमारत केली, तेव्हा ती रस्त्यापासून मागे घेतली, कडेला बोलार्ड, म्हणजे वाहन अडवणारे बुटके खांब, लावले, आणि तरीही अंगणाच्या बाजूने मोठमोठ्या काचा ठेवल्या. काच लॅमिनेटेड, म्हणजे मध्ये प्लास्टिकचा थर असलेली, असली की फुटली तरी तिचे तुकडे धरून राहतात.

मुंबईत एवढी जागा कुठून आणणार? रीगल सिनेमाजवळचं राज्य पोलीस मुख्यालय बघा. १८७६ साली पूर्ण झालेलं हे मूळचं खलाशांचं वसतिगृह, वास्तुरचनाकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचं. ते मागे सरकवता येत नाही, सरकवूही नये. अशा ठिकाणी काम फूटपाथच्या कडेवर करायचं: जमिनीत पक्के रोवलेले दगडी बाक, झाडांचे जड कट्टे, वाहनाला वेग घेऊ न देणारं वळण. अडवायचं ते वाहन. माणूस मोकळा गेला पाहिजे. इमारतीखाली पार्किंग तर नकोच.

नव्या ठाण्यात शस्त्रागार आणि नियंत्रण कक्ष मागच्या बाजूला न्या, पण तक्रार घेण्याची खोली रस्त्याला लागूनच ठेवा. रात्री दोन वाजता घाबरून आलेल्या बाईला फाटकावर कुणाला काही सांगावं न लागता आतला दिवा आणि टेबलामागची हवालदारीण दिसली पाहिजे. त्या खोलीसाठी मजबूत स्लॅब आणि चांगली काच लागेल, खर्च वाढेल. तो अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरा, म्हणजे नंतर काटकसरीच्या नावाखाली तिथे भिंत उभी राहणार नाही.