नीस म्हणजे लिहिणारा

नमस्कार. सुरुवातीलाच एक विनंती करते. सभागृहात कुणी चिटणीस, फडणीस, सबनीस, पारसनीस, वाकनीस असतील तर त्यांनी हात वर करावेत. एक, दोन… पाच. छान! पत्रिकेत विषय छापलाय ‘जगभरातली नावं आणि आडनावं’. जगात जाऊच, पण निघायचं या पाच हातांपासून.

या आडनावांच्या शेवटी जो ‘नीस’ आहे तो फारसीतला ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा. चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस. फर्द म्हणजे हिशेबाचा कागद, तो लिहिणारा फडणीस. किल्ल्यावरचा हजेरीपट सबनिसाकडे, फारसी पत्रव्यवहार पारसनिसाकडे, घडामोडींची नोंद वाकनिसाकडे. लिहिण्याच्या एका कामानं आपल्याकडे किती घरांना आडनाव दिलं बघा. माझं म्हणणं याच्या एक पाऊल पुढचं आहे, आणि भेटेल त्याला मी ते कित्येक वर्षं सांगत आलेय: आडनाव रक्तातून येत नाही, दप्तरातून येतं. लेखणी ज्याच्या हातात, तो ते ठरवतो.

नाना फडणवीसांचंच घ्या. घराणं भानूंचं, कोकणातल्या वेळासचं. पण कागदावर ते बाळाजी जनार्दन. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, झालं. पेशव्यांचं आडनाव भट होतं हे आपल्याला मुद्दाम आठवावं लागतं, कारण शिक्क्यातसुद्धा ‘बाजीराव बल्लाळ’ एवढंच आहे. आडनावावाचून काही अडत नव्हतं. अडायला लागतं ते गाव सोडल्यावर. रोह्यात राहणाऱ्याला रोहेकर म्हणून काय कळणार? तिथे सगळेच रोह्याचे! तो मुंबईला आला की मग ‘कर’ कामाला येतो. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंची आडनावं ऐकली आहेत ना? रोहेकर, पेणकर, केहीमकर, नवगावकर. प्रार्थना हिब्रूत आणि आडनावात रोहा, पेण, किहीम. मला हे फार सुंदर वाटतं. बाबासाहेबांचं घराणं सकपाळांचं, मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. त्या गावावरून आंबडवेकर, आणि शाळेच्या पटावर आंबेडकर. एका शाळेच्या पटावरची नोंद आज कोट्यवधी लोक आदरानं उच्चारतात.

आता थोडं लांबचं वळण घेते. ते घेतल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही.

माझे आजोबा प्राथमिक शिक्षक. ते गेले तेव्हा मी कॉलेजात होते, आणि आजीच्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी तिच्याबरोबर हेलपाटे घालायचं काम माझ्याकडे आलं. आजी चौथीपर्यंत शिकलेली. शाळा सोडल्याचा दाखला तिनं ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत जपून ठेवला होता. आम्ही तो मोठ्या अभिमानानं टेबलावर ठेवला. टेबलामागच्या गृहस्थांनी दाखला पाहिला, आजोबांचं सेवापुस्तक पाहिलं आणि म्हणाले, “या तर दोन वेगळ्या बायका आहेत.”

खरंच होतं ते. दाखल्यावर तिचं माहेरचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. सेवापुस्तकात सासरचं नाव, आजोबांचं नाव, आमचं आडनाव. दोन कागदांत एक अक्षर जुळत नव्हतं. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवऱ्या मुलानं नाव लिहायचं, पेढे वाटायचे, आणि सोळा वर्षांची एक मुलगी त्या क्षणी दुसरी कुणीतरी व्हायची. त्या ताटाची नोंद कोणत्या कचेरीत असते सांगा! मणिकर्णिका तांब्यांची लक्ष्मीबाई नेवाळकर झाली हे पुस्तकात वाचताना आपल्याला त्यात काही गमावल्यासारखं वाटत नाही. आजीच्या शेजारी त्या बाकावर बसले तेव्हा मला ते वाटलं.

सात महिने लागले. प्रतिज्ञापत्र झालं, सरपंचांचा दाखला झाला, आजीच्या माहेरच्या गावचे एक ऐंशी वर्षांचे आजोबा एसटीनं येऊन साक्ष देऊन गेले. ‘वरील दोन्ही नावांची स्त्री एकच आहे’ या एका वाक्यासाठी हे सगळं. तिची नावं मी इथे सांगत नाही. माहेरचं नाव चारचौघांत उच्चारायला ती स्वतःच संकोचायची. पण शेवटच्या दिवशी साहेबांनी ते नाव मोठ्यांदा वाचलं आणि विचारलं, “या कोण?” आजी उभी राहिली आणि म्हणाली, “हजर.” वर्गात म्हणतात तसं. पंचावन्न वर्षांनी कुणीतरी तिला त्या नावानं हाक मारली होती.

क्षमा करा, पाणी घेते जरा.

हं. नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यात आपल्या भाषेत एका अनुस्वाराचा फरक आहे, आणि कधी कधी तोही उरत नाही. मुलं जगत नसली की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, केरबा ठेवायचे. दृष्ट लागू नये, मृत्यूनं याच्याकडे बघू नये, म्हणून. त्या नावांत केवढी माया आहे! पण मुलगी नको असताना झाली म्हणून तिचं नाव ‘नकुशी’ ठेवायचं, यात माया कुठून आणायची? 2011 च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात अशा 285 मुलींना समारंभानं नवी नावं देण्यात आली. जे दप्तर माझ्या आजीला दोन बायका म्हणालं, तसल्याच दप्तरानं इथे एका मुलीला नको असलेलं नाव पुसून दिलं. लेखणी कुणाच्या बाजूनं चालते, एवढाच प्रश्न आहे.

कार्यवाहांनी चिठ्ठी पाठवलीय, दहा मिनिटं. म्हणजे जग दहा मिनिटांत. चला.

फिलिपिन्स, 1849. स्पॅनिश गव्हर्नर क्लाव्हेरिया यांना करवसुली जमेना, कारण अर्धा गाव ‘दे ला क्रूझ’ आणि उरलेला ‘दे लोस सांतोस’. त्यांनी आडनावांची एक वर्णानुक्रमे यादीच छापली आणि पानं गावोगाव वाटली. अल्बाय प्रांतातल्या ओआस गावात आजही ‘आर’नं सुरू होणाऱ्या आडनावांची गर्दी आहे. त्या गावाच्या वाट्याला ते पान आलं! आपल्या गोव्यात आडनावं आली ती बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतून, पाद्रीची किंवा धर्मपित्याची. फर्नांडिस म्हणजे मुळात फर्नांदोचा मुलगा, रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा.

जपान, 1875. सरकारनं सर्वांना आडनाव सक्तीचं केलं. तिथली आडनावं आपल्या कानाला ओळखीची वाटतील. तानाका म्हणजे भातखाचरामधला, यामामोतो म्हणजे डोंगरपायथ्याचा. आणि तिथल्या कायद्यानं नवराबायकोचं आडनाव एकच हवं. कुणाचं, ते कायदा सांगत नाही, तरी बहुतेक सगळ्या जोडप्यांत बायकोच बदलते.

तुर्कस्तान, 1934. कायदा झाला, आडनाव घ्या. मुस्तफा केमाल यांना संसदेनं अतातुर्क हे आडनाव दिलं आणि ते दुसऱ्या कुणी घ्यायचं नाही असंही ठरवलं. इस्मेत पाशांना मिळालं इनोनू, त्यांनी लढाई जिंकली त्या गावाचं. म्हणजे तेही एका अर्थी ‘कर’च!

आणि आईसलँड, माझा सगळ्यात लाडका देश. तिथे बहुतेकांना घराण्याचं आडनाव नाहीच. विग्दिस फिनबोगादोत्तिर 1980 ते 1996 राष्ट्राध्यक्ष होत्या. फिनबोगादोत्तिर म्हणजे फिनबोगीची मुलगी, बस. लग्न झालं म्हणून नाव बदलत नाही. फोनच्या यादीतसुद्धा माणसं पहिल्या नावानं शोधतात. तमिळनाडूत हेच आहे. आपला बुद्धिबळपटू आनंद हा आनंदच. विश्वनाथन त्याचे वडील. परदेशी वार्ताहर त्याला वर्षानुवर्षं वडिलांच्या नावानं हाक मारत राहिले.

आपल्याकडे 2024 मध्ये राज्य सरकारनं ठरवलं, बाळाच्या नावानंतर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. मला आनंद झाला. यावर तासभर बोलायचं होतं, मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेलेल्या आपल्या लोकांवरही बोलायचं होतं. तिथल्या नोंदवहीत माणसाचं साधं नावच पुढच्या पिढ्यांचं आडनाव होऊन बसलं. ते राहिलं.

आता प्रश्न घेऊ. विचारणाऱ्यांनी आधी स्वतःचं नाव सांगा, आणि आजीचं माहेरचं पूर्ण नाव ठाऊक असेल तर तेही सांगा. तिसऱ्या रांगेतल्या ताई, माइक तुमच्याकडे येतोय.