कविसंमेलनाला जाताय? तिसऱ्या रांगेत बसा

नमस्कार श्रोतेहो.

पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडात कुठेच कवितेचा कार्यक्रम नाही, असा आठवडा शोधूनही सापडायचा नाही. वर्तमानपत्रातलं आजच्या कार्यक्रमांचं सदर उघडा. टिळक रोडवर साहित्य परिषदेत संग्रहाचं प्रकाशन आणि निवडक वाचन. नवी पेठेत पत्रकार भवनात गझल मुशायरा. निगडीला ज्येष्ठ नागरिक संघाचं कविसंमेलन. आषाढाच्या पहिल्या दिवशी कालिदासाच्या नावानं, 27 फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, कोजागरीला गच्चीवर. कवी पुष्कळ आहेत, सभागृहंही पुष्कळ आहेत. तुटवडा आहे तो श्रोत्यांचा. कविता वाचणारे पुष्कळ, ऐकणारे थोडे. म्हणून आज बोलायचंय ते कवींशी नाही, तुमच्याशी. कविता ऐकायला कसं जावं, याबद्दल.

आपल्याकडे कविता चारचौघांत म्हणायची हौस जुनी आहे. 1923 साली पुण्यात रविकिरण मंडळ सुरू झालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे अशी मंडळी एकत्र जमायची, एकमेकांना कविता ऐकवायची. मग यशवंत आणि गिरीश जाहीर सभेत कविता गाऊन म्हणू लागले. कविता ऐकायला म्हणून लोक यायला लागले. थट्टाही झाली बरं का. आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावानं विडंबनं लिहिली, त्यात ही मंडळी अलगद सापडली. पण साहित्य परिषदेत आज ज्या सभागृहात आपण कविता ऐकतो, त्याचं नाव माधवराव पटवर्धन सभागृह. माधवराव पटवर्धन म्हणजेच माधव जूलियन. तिथे नेहमी जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे, एकदा विचारून बघा.

पुढे विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर. तिघं मिळून गावोगाव हिंडले, अनेक वर्षं हिंडले. तिघांचे आवाज वेगळे, कवितेची जात वेगळी, आणि तिघांनाही माइक कळायचा. तिकीट काढून कविता ऐकायची असते, हे मराठी माणसाच्या गळी उतरवलं ते या तिघांनी. आता आपण फुकट पासालासुद्धा कुरकुरतो, तो विषय वेगळा.

आणखी एक गोष्ट या शहरानं विसरू नये. 1885 साली ग्रंथकारांच्या सभेचं आमंत्रण महात्मा फुल्यांनी पत्र लिहून नाकारलं. तुमच्या सभांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्यांचा रोखठोक सूर होता. तेव्हा कविता फक्त सभागृहात असते असं समजू नका. जयंतीच्या मांडवात असते, शाहिराच्या डफावर असते, कामगार वस्तीतल्या वाचनालयाच्या ओट्यावरही असते. नारायण सुर्व्यांची कविता गिरणीच्या माणसांनी ऐकली ती काही वातानुकूलित हॉलमध्ये बसून नव्हे.

बरं. आता कार्यक्रमात काय होतं? वेळ सहाची, सुरुवात पावणेसातला. दीपप्रज्वलन होतं, समईची वात पेटत नाही, कुणीतरी मेणबत्ती शोधायला जातं. प्रास्ताविक. पाहुण्यांचा परिचय. मग शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. शालीबद्दल माझं मत एकदा सांगूनच टाकते. मराठी साहित्यिकांच्या घरी या शाली कुठे ठेवतात हे मी पाहिलंय, माळ्यावर. त्यापेक्षा पाहुण्यांना रिक्षाचं भाडं द्यावं, येण्याचं आणि जाण्याचं. रात्री साडेनऊला टिळक रोडवरून कात्रजला जायला रिक्षा मिळवणं हे महाकाव्य लिहिण्याइतकंच अवघड आहे. असो. कविता सुरू होईतो आणखी पाऊण तास गेलेला असतो, आणि श्रोता मोबाइलमध्ये शिरलेला असतो. हा पाऊण तास वाचवा. आयोजक ऐकत असतील तर त्यांना पुन्हा सांगते: आधी कविता, मग सत्कार. आधी कविता.

आता तुम्हाला एक प्रसंग सांगते. तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही.

कविसंमेलनातला शेवटचा श्रोता आणि त्याची सतरंजी, हा विनोद तुम्ही ऐकला असेलच: तो शेवटपर्यंत थांबतो ते कवितेसाठी नाही, अंथरलेली सतरंजी परत न्यायची असते म्हणून. माझ्या प्रसंगात सतरंजीवाला नाही, साउंडवाला आहे.

चिंचवडला एका सोसायटीच्या गच्चीवर कोजागरीचं कविसंमेलन होतं, मी सूत्रसंचालन करत होते. एका कोपऱ्यात गॅसवर दुधाचं पातेलं, त्यावर केशराची काडी मोजून टाकणाऱ्या दोन काकू. चंद्र ढगाआड. आणि पाण्याच्या टाकीला पाठ लावून, मिक्सरच्या टेबलामागे बसलेले साउंडवाले मामा. त्यांना सगळं शहर मामाच म्हणतं. लग्न, बारसं, गणपती, प्रचारसभा, सगळीकडे त्यांचेच भोंगे. एका कानावर हेडफोन, दुसरा कान उघडा. तोंडात बडीशेप.

सहा-सात कवी झाले आणि एक ज्येष्ठ कवी उठले. बँकेतून निवृत्त झालेले, अतिशय सज्जन गृहस्थ. खिशात हात घातला तर चष्मा नाही. घरी राहिला. कागद हातात, पण अक्षर दिसेना. म्हणाले, "हरकत नाही, ही कविता मला पाठ आहे." त्यांची ती विहिरीवरची कविता आमच्या भागात सगळ्यांना माहीत. आई पाणी शेंदते आहे, एवढंच त्यात आहे, पण ऐकताना घसा दाटतो. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. तिसऱ्याला गाडी अडली.

"दोर खाली जातो, दोर वर येतो…"

पुढचं येईना. पुन्हा म्हणाले, "दोर खाली जातो, दोर वर येतो…" पुढे काही नाही. गच्चीवर चमचा वाजला तरी ऐकू येईल अशी अवस्था. मी पुढे होणार, एवढ्यात दोन्ही स्पीकरमधून आवाज आला:

"…आणि पाण्याच्या आधी तिच्या तळहाताची साल वर येते."

कवींनी आधी वर आकाशाकडे बघितलं. खरंच सांगते, वर बघितलं! लोकांनी इकडेतिकडे पाहिलं. आणि टेबलामागे मामा, हातात तो टेस्टिंगचा माइक, ज्यावर ते संध्याकाळभर "हॅलो, चेक" करत होते. ओळ सांगितली आणि बटण परत खाली सरकवलं, जणू काही झालंच नाही.

कवी सावरले, पुढे गेले. चौथं कडवं झालं. पाचव्यात पुन्हा अडले. सगळ्यांच्या माना मामांकडे वळल्या. या वेळी स्पीकरमधून काहीच येईना. मी विचारलं, "मामा, पुढची ओळ?"

मामा म्हणाले, "ही मला माहीत नाही, ताई. हे कडवं नवीन आहे."

गच्ची हसली. कवीही हसले. मी मामांना म्हटलं, असे पुढे या, दोन शब्द बोला. ते म्हणाले, "जागा सोडली तर माइक शिट्टी मारंल." आणि बसल्या जागेवरूनच, त्याच माइकवर, कवींना उद्देशून बोलले. ते जसंच्या तसं सांगते.

"सर, राग मानू नका. गेल्या साली हिला चार कडवी होती. चौथ्याला आई घागर डोक्यावर घेती आणि चालाय लागती. तिथं लोकांचे हात टाळीला वर येत्यात. मी इथनं बघतो ना. आन् तुम्ही आता पाचवं चालू करता. हात तसेच राहत्यात."

मला वाटलं, आता संपलं. ज्येष्ठ कवी, सगळ्यांसमोर. त्यांनी हातातला कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "पुन्हा म्हणतो. चारच." आणि पहिल्यापासून म्हणाले. तिसऱ्या कडव्याला अडले नाहीत. चौथं संपलं, आई चालायला लागली, आणि ते थांबले. टाळी नेमकी तिथेच पडली. काकूंनी दुधाचा डाव खाली ठेवून टाळ्या वाजवल्या, त्या नादात दूध थोडं लागलं. सगळ्यांनी ते तसंच प्यायलं.

कार्यक्रम संपल्यावर मामा वायरी गुंडाळत होते. कोपर आणि अंगठा यांच्यामध्ये वायर घेऊन आठाचे वेढे टाकत होते. मी विचारलं, तुम्हाला कविता आवडते? म्हणाले, "आवडायचं काय, कानावर पडती." मग थोड्या वेळानं म्हणाले, "पण कोणची चालली आन् कोणची पडली, ते मला वायरीवर कळतं." कसं काय? तर समोरचा माइक फक्त कवीचा आवाज घेत नाही. खुर्च्यांचा घेतो, बांगड्यांचा घेतो, खोकल्याचा घेतो, ते सगळं यांच्या हेडफोनमध्ये येतं. कविता चालली की प्लास्टिकच्या खुर्च्यांचा करकर आवाज बंद होतो. पडली की सुरू. "खोकला तर लगेच येतो," म्हणाले. आणि कवींची ओळखही त्यांनी मला करून दिली. गझलवाले माइक ओठाला लावतात, त्यांचा आवाज कमी करायचा. मुक्तछंदवाले हातभर लांब उभे राहतात, त्यांचा वाढवायचा. आणि नवीन मुलं आधी माइकवर टकटक करतात, तेव्हा हेडफोन काढून ठेवायचा.

मी परीक्षक म्हणून पुष्कळ ठिकाणी बसते. आशय, अभिव्यक्ती, सादरीकरण असे रकाने असतात. खुर्च्यांच्या आवाजाचा रकाना अजून कुठल्या गुणपत्रिकेत पाहिला नाही.

हं, घड्याळ फार पुढे गेलंय. तेव्हा उरलेलं भराभर.

मामांसारखं ऐकायचं, म्हणजे एकच कविता पुन्हा पुन्हा ऐकायची. लोक म्हणतात, तोच कवी, तीच कविता, कशाला जायचं? अहो, तेच तर कारण. आपण भीमसेनजींचा तोच राग परत ऐकतो ना? कविता दुसऱ्यांदा ऐकली की कळते, तिसऱ्यांदा ऐकली की आपली होते. पुन्हा सांगते, दुसऱ्यांदा ऐका.

गझल ऐकायला गेलात तर शेराची पहिली ओळ कवी दोनदा म्हणतो, ती विसरला म्हणून नव्हे. काफिया, म्हणजे यमकाचा शब्द, काय येणार याचा अंदाज तुम्ही बांधावा म्हणून. अंदाज चुकला की दाद आपोआप निघते. सुरेश भटांनी नव्या मुलांसाठी गझलेची बाराखडी लिहून काढली आणि ती वाटली. ती मिळाली तर वाचून जा. काफिया, त्याच्यामागून तसाच परत येणारा रदीफ, आणि मतला म्हणजे गझलेचा पहिला शेर, एवढं कळलं तरी मुशायऱ्याची रंगत दुप्पट होते. आणि दाद द्यायला लाजू नका. पुणेकर मान हलवतो, ती मान मंचावरून दिसत नाही, अंधार असतो. तोंडानं वा म्हणा.

खुलं कविसंमेलन असेल, म्हणजे नावनोंदणी करून कुणीही वाचायचं, तर मधल्या वेळात जा. सुरुवातीला गडबड असते, शेवटी पळापळ. मधले कवी सगळ्यात निवांत वाचतात. साहित्य संमेलनातल्या कविकट्ट्यावरही हेच. आपली कविता झाली की उठून जाणारे कवी तुम्हाला दिसतील. त्यांच्याकडे बघायचं नाही, पुढच्या कवीकडे बघायचं.

बसायचं कुठे? तिसऱ्या रांगेत. पहिली रांग पाहुण्यांची, दुसरी पाहुण्यांच्या घरच्यांची. तिसरीत बसलं की कवीचा चेहरा दिसतो आणि कवीला तुमचा. पार मागे बसू नका, तिथे पंखा असतो, पण तिथेच दाराचा आवाज आणि चहाच्या कपांचा खणखणाट.

आणि एक. कार्यक्रम संपल्यावर कवीला "छान होती" म्हणून सोडू नका. कुठली ओळ, ते सांगा. ओळ आठवत नसेल तर सरळ म्हणा, ती अमुक कविता परत एकदा म्हणता का? जिन्यात म्हणतील, पार्किंगमध्ये म्हणतील, स्कूटरला किल्ली लावून म्हणतील. मी अजून नाही म्हणणारा कवी पाहिलेला नाही. फक्त एकच म्हणायला सांगा, नाहीतर शेवटची बस चुकेल.

नमस्कार.