चौकीतली वही

मंडळी, पत्रिकेत विषय भारदस्त छापलाय, 'वंश, जमात आणि गुन्हेगारी'. मी मात्र आंब्यापासून सुरुवात करणार. मे महिन्यात रत्नागिरीत दुसरं काही सुचतं का कोणाला?

आमच्या बागेत राखणीला नेपाळी जोडपं होतं. तुमच्याकडेही असेल, हात वर करू नका, अर्धी सभा वर होईल. त्याचं खरं नाव आम्ही कधी विचारलंच नाही, 'बहादूर' म्हटलं की भागत होतं. एका सकाळी मांगरातल्या अकरा पेट्या कमी भरल्या. चहाला उकळी येईपर्यंत वाडीत निकाल लागला. काका म्हणाले, "ही जातच तशी." बहादूरला रात्रभर चौकीत बसवलं. त्याची बायको चुलीपुढे बसून होती, भात टोपात तसाच. मी नुकताच मुंबईहून समाजशास्त्राची पदवी घेऊन आलेलो. मी काय केलं? गप्प बसलो.

तीन आठवड्यांनी वाशीहून दलालाची पट्टी आली, शेजाऱ्याच्या नावावर अकरा पेट्या जास्त! आदल्या रात्री टेम्पो भरताना आमच्या पेट्यांवर मार्का मारायचा राहिला आणि त्या त्याच्या मालात गेल्या. पट्टी दाखवायला हा गृहस्थ उगवला आठ दिवसांनी. "राहिलंच रे." याला आम्ही चोरी म्हटलं का? छे! आपल्या माणसाचा तो विसरभोळेपणा.

बहादूरचं नाव मात्र चौकीच्या वहीत राहिलं. पुढच्या वर्षी भलत्याच बागेतला पंप गेला, तेव्हा पहिलं बोलावणं त्यालाच.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. मागे नमनाची मंडळी रंग लावून बसलीत. तर भराभर.

इंग्रजांनी अशी वही कायद्यातच बांधली, १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. पोर जन्माला आलं की संशयित, मोठं झालं की हजेरी, गाव सोडायला परवाना. कायदा १९५२ साली गेला. पारध्यांच्या पालाकडे बघायची नजर गेली नाही.

शिकागोत शॉ आणि मॅके या समाजशास्त्रज्ञांनी १९४२ साली दाखवलं की काही वस्त्यांत जर्मन, आयरिश गेले, पोलिश, इटालियन आले, तरी पोरांच्या गुन्ह्यांचं प्रमाण चढंच. बाहेर पडलेल्यांचं उतरलं. म्हणजे दोष वस्तीच्या हलाखीत, रक्तात नाही. आपलंच बघा. दाराला कुलूप न लावणारी कोकणी माणसं गिरणगावात राहिली. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, पुढे गिरण्या गेल्या, काही घरांतली पोरं टोळ्यांच्या नादी लागली. तेव्हा कोणी म्हणालं का, 'ही जातच तशी'?

ब्रिटनमध्ये १९७८ साली अभ्यासक स्टुअर्ट हॉल आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की रस्त्यावरच्या लुटीची धास्ती वर्तमानपत्रांनी काळ्या तरुणांच्या माथी मारली. १९८४ ला तिथलेच गुन्हेशास्त्रज्ञ ली आणि यंग म्हणाले, सगळं खापर पोलिसांवर, पेपरवर फोडू नका. दुसऱ्याच्या भरल्या ताटाकडे बघत राहायचं आणि आपलं कोणी ऐकत नाही, यातून काही समूहांत गुन्हे खरोखर वाढतात. हे मला पटतं. पण ते असंही म्हणतात की पोलिसांपर्यंत पोचलेल्या गुन्ह्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोकच कळवतात, पोलीस शोधायला जात नाहीत.

अहो, बहादूरचं नावही लोकांनीच कळवलं होतं. आमच्या काकांनी.

आलो, आलो. उतरतो.