घाट चढावा तो कोकणातून

श्रोतेहो, नमस्कार. पुण्यातल्या सायकलवाल्यांना वरंध घाट नवा नाही. पहाटे कात्रज ओलांडायचा, कापूरहोळला उजवीकडे वळायचं, भोर मागे टाकून नीरा देवघरच्या पाण्याच्या कडेकडेने जायचं आणि घाट उतरून महाड गाठायचं. मीही दोनदा तसंच केलंय. पण घाट खरा कळला तो गेल्या डिसेंबरात, उलट्या बाजूने चढले तेव्हा.

आदल्या दिवशी ताम्हिणीमार्गे महाडला उतरले होते. सकाळी चवदार तळ्याच्या काठाशी उभं राहून चाकांतली हवा बघितली. १९२७ साली बाबासाहेबांनी ज्या पाण्यासाठी सत्याग्रह केला ते पाणी समोर होतं. दिवसाची सुरुवात तिथून व्हावी असं मनात होतंच.

वरंध गावापर्यंत रस्ता तसा सरळ. शेतांवर धुकं, चुलींचा धूर, गार वारा. आणि मग समोर भिंत उभी राहते. देशावरून येताना सह्याद्री हलक्या हाताने वर नेतो, आपण डोंगरावर आलोय हे कड्यापाशी पोचेपर्यंत कळतही नाही. कोकणातून मात्र तो आडवा येतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थरावर थर साचून हा कातळ झाला. त्या पायऱ्या गाडीतून दिसतात, पण मोजता येत नाहीत. सायकलवर पोटऱ्या मोजतात.

पुढे चौतीस दातांचं चक्र, मागे बत्तीस. त्याहून हलका गिअर माझ्याकडे नाही. चढावर सुरुवातीलाच हलका गिअर घ्यावा, पाय गोल फिरत राहावेत, दम लागायच्या आत वेग कमी करावा. मला हे ठाऊक होतं. तरी पहिल्या दोन वळणांना जोर लावला, आणि वर पोचायच्या थोडं आधी उजव्या पोटरीत असा गोळा आला की पाय जमिनीवर टेकवेना. सायकल कठड्याला लावली आणि तशीच बसून राहिले.

वाघजाईच्या अलीकडे एक आजी भजीची टपरी उघडत होत्या. लंगडत तिथे पोचले. कढई अजून रिकामी, कांदे अर्धे चिरलेले. मी कुठून आले, कुठे चालले ते सांगायला लागले तर म्हणाल्या, "पानी पे आदी. बोलू मागनं." हंड्यातलं पाणी दिलं. मग स्वतःच्या फडक्यातली अर्धी भाकरी आणि ठेचा पुढे केला. मीठ-साखरेच्या पाण्याचं पाकीट माझ्या पिशवीत होतं, पण पायाला जीव आला तो त्या ठेच्यातल्या मिठाने, असं मी आजही मानते. पैसे घेतले नाहीत. बाटली तेवढी भरून दिली.

खिंडीत उभं राहिलं की एक गोष्ट डोळ्यांना दिसते. मागे पडलेला पाऊस सावित्रीतून अरबी समुद्राला मिळणार. पुढे पडलेला नीरेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि थेट बंगालच्या उपसागराला. मध्ये अंतर किती, तर रस्त्याच्या रुंदीएवढं. मी तिथे बराच वेळ थांबले.

भोरपर्यंतचा रस्ता झरझर गेला. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका, एवढं मात्र सांगते. रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. वळणाआधी दाबावा, वळणात सोडावा. आणि पावसाळ्यात दरडींमुळे हा घाट कधीही बंद होतो, तेव्हा निघण्याआधी भोरला किंवा महाडला चौकशी कराच.

हायवेवरचे ट्रक आणि धूळ यांच्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही. कात्रजचा जुना बोगदा आला तेव्हा अंधारलं होतं. आत गार हवा, चेनचा आवाज दुप्पट होऊन परत येणारा. बाहेर पडले तर खाली पुण्याचे दिवे लागलेले. बाटलीच्या तळाशी आजींच्या हंड्यातलं पाणी दोन घोट उरलं होतं. कडेला उभी राहिले आणि ते पिऊन मगच घराकडे उतरले.